केसरबाईंची साडेतीन मिनिटे

(द्वितीय वर्ष, कला)

१९७७ सालच्या सप्टेंबर महिन्यात अकरा दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. ५ तारखेला व्हॉयेजर १ हे यान अमेरिकेतून अवकाशात गेले आणि १६ तारखेला मुंबईत सूरश्री केसरबाई केरकर वारल्या. त्या ८५ वर्षांच्या होत्या. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे, हे संगीताच्या जाणकारांना माहीत आहे. आपल्या महाविद्यालयात मात्र मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांतल्या बहुतेकांना ते माहीत नव्हते, म्हणून हा लेख.

त्या यानावर तांब्याची एक तबकडी बसवलेली आहे. बारा इंची, वर सोन्याचा मुलामा. तिच्यात ५५ भाषांतले अभिवादन आहे आणि त्यात आपली मराठीही आहे. शंभरावर चित्रे आहेत, आणि सुमारे नव्वद मिनिटांचे संगीत आहे. संगीताचे एकूण २७ तुकडे. बाख, बीथोव्हेन, मोझार्ट हे त्यात असणारच. भारताचा तुकडा एकच : केसरबाईंनी गायिलेली भैरवी, जात कहाँ हो. लांबी साडेतीन मिनिटे. त्याच वर्षी २० ऑगस्टला सुटलेल्या व्हॉयेजर २ वरही तशीच तबकडी आहे.

केसरबाईंपर्यंत मी सरळ वाटेने पोचले नाही. आमच्या घरी शास्त्रीय संगीत नाही. वडील एमआयडीसीत प्लेटिंगच्या एका लहान शॉपमध्ये आहेत, आई पॅकिंगला जाते, आणि घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. इंग्रजीच्या तासाला सरांनी अमेरिकेतल्या काळ्या कवींच्या कविता शिकवताना ब्लूज या गाण्याच्या प्रकाराची माहिती दिली होती. ब्लूज म्हणजे गुलामांच्या नातवंडा-पतवंडांचे गाणे. कापसाच्या शेतात राबणाऱ्यांचे, नंतर शहरात कारखान्यांत आलेल्यांचे. तासानंतर सरांनी मडी वॉटर्स नावाच्या गायकाची एक ध्वनिमुद्रिका फोनवर पाठवून दिली. १९६० सालच्या जुलैत न्यूपोर्ट येथील उत्सवात तो गायला, ते तसेच्या तसे मुद्रित केले आहे. मडी वॉटर्स मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यावरून १९४३ साली शिकागोला आला, दिवसा कागदाच्या कारखान्यात काम करू लागला आणि रात्री गिटार वाजवू लागला. शहरातल्या गुत्त्यांच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, तेव्हा त्याने विजेची गिटार घेतली. बीड जिल्ह्यातला कापूस सोडून भोसरीत आलेल्या माणसाच्या मुलीला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

त्या ध्वनिमुद्रिकेत गिटार आहे, पियानो आहे, माऊथ ऑर्गन आहे आणि लोक आहेत. लोक हेही त्यातले एक वाद्यच म्हणायचे. त्यांच्या गलक्याने गाणाऱ्याला चेव येतो, एक गाणे संपले तरी त्यांना पुरे होत नाही म्हणून तो तेच पुन्हा उचलतो. आमच्या मागच्या प्रेस शॉपचा ठोका दर दोन सेकंदांनी भिंतीतून येत असतो. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, तेव्हा तो थांबतो. म्हणून मी गुरुवारी ऐकत असे.

मग ब्लूजची आणखी गाणी शोधता शोधता व्हॉयेजरच्या तबकडीची यादी हाती लागली, कारण त्या यादीत ब्लाइंड विली जॉन्सन या आंधळ्या गिटारवाल्याचे एक गाणे आहे. यादीत त्याच्या गाण्याच्या बरोबर आधी एक मराठी आडनाव दिसले. केरकर. मी आधी ते वाचले आणि मग ऐकले.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या केरी गावी झाला. गोव्यात तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य होते आणि ते १९६१ पर्यंत राहिले. केसरबाई कलावंत घराण्यातल्या. हा शब्द आज आपण कोणालाही मानाने लावतो, पण त्या काळी गोव्यात तो एका जातीचा शब्द होता. देवळाच्या सेवेशी बांधलेली ही घराणी. त्यांतल्या मुलींनी गावे, नाचावे. लग्न करून संसार थाटण्याचा अधिकार त्यांना नसे. गावातले प्रतिष्ठित लोक त्यांचे गाणे ऐकायला बसत, पण आपल्या घरच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलावत नसत. इंग्रजी मुलखात मुंबई सरकारने मुली देवाला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा केला तो १९३४ साली, म्हणजे केसरबाई चाळिशी ओलांडल्यावर. याच गोव्यातून अंजनीबाई मालपेकर आल्या, मोगूबाई कुर्डीकर आल्या, मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर आले. गेल्या शतकातल्या आपल्या संगीताचा केवढा तरी मोठा भाग या देवळांच्या आवारांतून उठून आलेला आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत याविषयी एक ओळ असायला हरकत नव्हती.

केसर आठ वर्षांची असताना तिला कोल्हापूरला नेण्यात आले. तेथे अब्दुल करीम खाँसाहेबांकडे तिने शिकायला सुरुवात केली. शिक्षण टिकले आठ महिने. परत गोवा. मग रामकृष्णबुवा वझे लामगावला येत तेव्हा त्यांच्याकडे. बुवांचा मुक्काम असेल तेवढेच शिकणे. ते गेले की पुन्हा वाट पाहणे. सोळाव्या वर्षाच्या सुमारास आई आणि मामाबरोबर ती मुंबईस आली. विठ्ठलदास द्वारकादास या धनिक शेठजींचे पाठबळ मिळाले आणि सितारिये बरकतुल्ला खाँ यांची तालीम सुरू झाली. तीही अधूनमधून, दोनेक वर्षे. खाँसाहेब म्हैसूर दरबारी गेले, तालीम थांबली. पुढे काही काळ भास्करबुवा बखले, पुन्हा थोडे वझेबुवा.

मी हे सगळे सालवार मांडून पाहिले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. आठव्या वर्षापासून एकोणतिसाव्या वर्षापर्यंत या मुलीला विद्या मिळाली ती तुकड्या-तुकड्यांनी. कोणी गाव सोडले, कोणाला दरबारची नोकरी लागली, कोणाला वेळ नव्हता. शिकणारी मात्र एका ठिकाणी उभीच. आपल्यापैकी पुष्कळजण असेच शिकलेले आहेत. एक वर्ष गावी, एक वर्ष मामाकडे, दहावीला भोसरीत. आपण त्याला परिस्थिती म्हणतो आणि पुढे जातो. केसरबाई पुढे गेल्या नाहीत. आपल्याला सलग विद्या हवी, एका गुरूची, पूर्ण, आणि तिच्यासाठी पडेल ती किंमत द्यायची, असे त्यांनी ठरवले.

ते गुरू म्हणजे अल्लादिया खाँ. जन्म १८५५ चा, म्हणजे केसरबाई गेल्या तेव्हा ते पासष्ट ओलांडलेले. खाँसाहेबांची स्वतःची कथाही विलक्षण आहे. तरुणपणी एका संस्थानात सतत गावे लागल्याने त्यांचा आवाज बिघडला. पहिल्यासारखा तो पुन्हा कधी आला नाही. जो राहिला होता त्याला मानवेल अशी नवी गायकी त्यांनी बसवली. जिला आपण जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणतो, ती अशी फुटक्या आवाजातून निघाली. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारात ते पुष्कळ वर्षे होते. असा माणूस सहजी कोणाला शिकवायला तयार होत नसतो. मोठी गुरुदक्षिणा, दरमहा वेगळी बिदागी आणि वर्षानुवर्षे तालीम सोडायची नाही असे वचन, एवढे झाल्यावर १९२१ साली केसरबाई त्यांच्या शागीर्द झाल्या. पहिली अकरा वर्षे कडक तालीम झाली. त्यानंतरही १९४६ साली खाँसाहेब वारले तोवर त्या त्यांच्याकडून घेतच राहिल्या. पंचवीस वर्षे एक गुरू.

या गायकीविषयी अधिकाराने लिहिण्याइतके मला कळत नाही. जाणकारांकडून समजले ते असे, की हे गाणे आकाराने चालते. तोंड मोकळे उघडून आ म्हणायचे आणि त्या एका आ मध्ये रागाचा सगळा पसारा मांडायचा. दमसास लांब. ताना सरळ रेषेत जात नाहीत. वळणात वळण, त्या वळणात आणखी एक वळण, आणि तरी सम चुकत नाही. राग पुष्कळदा अप्रचलित किंवा दोन राग जोडून केलेले. हे सगळे शिकायला पंचवीस वर्षे लागली यात मला नवल वाटत नाही. मला नवल वाटते ते आवाजाचे. तो बारीक नाही, गोड नाही, लाडिक तर मुळीच नाही. बायकांनी कसे गावे याची जी कल्पना सिनेमाने आपल्या कानात भरून ठेवली आहे, तिच्याशी त्याचा काही संबंध नाही. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो धाकाचा वाटला. आमच्या आळीत एक बाई पाण्याच्या टँकरपुढे उभी राहून सगळी रांग सरळ करते, तिचा आवाज आठवला.

मोठेपणी केसरबाईंचा दरारा मोठा होता. संस्थानिकांच्या दरबारांत त्यांना आमंत्रणे होती, आणि बिदागी त्या सांगतील ती. बैठकीत कोणी गैर वागले तर त्या खपवून घेत नसत. रवींद्रनाथ ठाकुरांना त्यांचे गाणे फार आवडे. १९४८ साली कलकत्त्याच्या रसिकांच्या संस्थेने त्यांना सूरश्री ही पदवी दिली, ती त्यांच्या नावाला कायमची चिकटली. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ साली पद्मभूषण, त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने त्यांना राज्य गायिका केले. आपल्या मुलीला मात्र त्यांनी गाण्यात घातले नाही. तिला शिकवून डॉक्टर केले. केरीहून निघालेल्या त्या घराण्याचा इतिहास पाहिला म्हणजे हा निर्णय मला कुठल्याही पदवीहून मोठा वाटतो. माझी आई तर म्हणाली, की तिने हे एकच केले असते तरी पुरे होते. गाण्याचे सांगितले तेव्हा आईने आधी विचारले होते, की ती कोणाची कोण आणि तिचे लग्न झाले होते का. केरीच्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी जे विचारले असेल तेच. मी तिला सगळे सांगितले. ती बराच वेळ भाकरी थापत राहिली आणि मग ते डॉक्टरचे बोलली.

आता मुख्य गोष्टीकडे येते. केसरबाईंनी हिज मास्टर्स व्हॉइस आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांसाठी काही तबकड्या गायल्या. पण ध्वनिमुद्रणावर त्यांचे प्रेम नव्हते. त्यांची कीर्ती आणि त्यांच्या तबकड्यांची संख्या यांचा काही मेळ बसत नाही. पुढे पुढे तर त्या मुद्रण करूच देईनात. १९६३-६४ च्या सुमारास त्यांनी जाहीर गाणेही थांबवले. आवाज उतरलेला लोकांनी ऐकू नये एवढा त्यांचा मान कडक होता. शिष्याही त्यांनी गोळा केल्या नाहीत. रीतसर तालीम दिली ती धोंडूताई कुलकर्णी यांना, १९६२ पासून १९७१ पर्यंत. धोंडूताई त्याआधीच अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जी खाँ यांच्याकडे शिकलेल्या होत्या. त्या २०१४ साली वारल्या.

जुन्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे. जो राग बैठकीत तासभर उलगडायचा तो तेवढ्यात बसवायचा. समोर श्रोता नाही, मान डोलावणारे कोणी नाही, समेवर दाद नाही. भिंत आणि यंत्र. जिने आपले सगळे तारुण्य खर्चून एक एक सूर विकत घेतला, तिला ही साडेतीन मिनिटे म्हणजे अपमान वाटला असल्यास मी दोष देणार नाही. शिवाय तबकडी कोणीही घ्यावी, पुन्हा पुन्हा लावावी आणि गुरूच्या दारात पाऊल न ठेवता तान उचलावी, हे तिला कसे सोसावे? मला वाटते, गाणे म्हणजे समोरासमोर देण्या-घेण्याची वस्तू अशी त्यांची श्रद्धा होती. मडी वॉटर्सची ती ध्वनिमुद्रिका ऐकलेल्या माणसाला ही श्रद्धा पटते. लोकांचा गलका काढून टाकला तर त्या गिटारीचे निम्मे बळ जाईल.

पण इथे माझे केसरबाईंशी भांडण आहे. समोरासमोर म्हणजे कोणासमोर? संस्थानिकाच्या महालात, शेठजींच्या दिवाणखान्यात, मंडळाच्या वर्गणीदारांसमोर. त्या बैठकींत माझ्या आजोबांना कोणी बसू दिले नसते. त्यांनी आयुष्यात ऐकले ते सप्ताहातले भजन आणि जत्रेतला तमाशा. मला आज केसरबाई ऐकू येतात त्या केवळ त्यांनी नाइलाजाने, घाईघाईने दिलेल्या त्या तुकड्यांत. त्यांनी आपली विद्या कडेकोट राखली याचे कारण मला समजते. ज्याला ज्ञान फार महाग पडलेले असते तो ते स्वस्तात वाटत नाही. पण ज्ञान महाग असण्याचा ताप काय असतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? आठ महिन्यांत कोल्हापूर सोडावे लागलेली ती आठ वर्षांची केसर दारात येऊन उभी राहिली असती, तर सूरश्री केसरबाईंनी तिला आत घेतले असते का? या प्रश्नावर मी बरेच दिवस घालवले आहेत. आमच्या गटात यावर वादही झाला. एका मैत्रिणीचे मत असे पडले, की पुरुष उस्तादांनी विद्या राखली तर तिला परंपरा म्हणतात आणि बाईने राखली तर तिला हट्टी म्हणतात. तिच्या बोलण्यात तथ्य आहे. तरी माझे भांडण मिटलेले नाही.

त्या तुकड्यांतलाच एक यानावर कसा गेला, तीही हकीकत ऐकण्याजोगी आहे. तबकडीसाठी संगीत निवडण्याचे काम कार्ल सेगन या शास्त्रज्ञाच्या मंडळाकडे होते. भारतीय संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी केसरबाईंची ही भैरवी सुचवली. सुचवली खरी, पण ध्वनिमुद्रिका बाजारात मिळेना. मंडळातल्या अॅन ड्रुयन यांनी न्यूयॉर्क शहर पालथे घातले. शेवटी लेक्सिंग्टन अॅव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या सामानाच्या दुकानात, एका टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यात तिच्या न उघडलेल्या प्रती सापडल्या. मिक्सर आणि इस्त्र्यांच्या शेजारी. हे मंडळ जर आमच्या भोसरीत आले असते तर लांडेवाडीच्या एखाद्या दुकानातही खोक्याखाली काही सापडले असते, असे मला उगीच वाटते.

भैरवीतली ती चीज एकट्या निघालेल्या मुलीला विचारते, की कुठे चाललीस. संध्याकाळी पीएमटी चौकात बसमधून उतरल्यावर घरी पोचेपर्यंत हा प्रश्न मला किमान तिघे विचारतात, आणि त्यांच्या विचारण्यात भैरवी नसते. केसरबाईंच्या विचारण्यात धाक आहे, पण संशय नाही. पहिल्या सुरापासून त्या गाण्याच्या मध्यभागी उभ्या आहेत. घाई नाही. साडेतीन मिनिटेच आहेत हे त्यांना माहीत आहे, पण गाण्याला ते माहीत नाही. शेवटी शेवटी आवाज वर जातो आणि तिथे जरा थांबतो, तेव्हा आपला श्वासही थांबतो. संपले की लगेच पुन्हा लावावेसे वाटते, आणि तसे करता येते, हेच त्यांना आवडले नसते.

यादीप्रमाणे ऐकले तर त्यानंतर ब्लाइंड विली जॉन्सनची गिटार सुरू होते. हा टेक्सासचा. लहानपणीच दृष्टी गेलेली. रस्त्यांच्या कोपऱ्यांवर उभा राहून देवाची गाणी गात असे. १९२७ सालच्या डिसेंबरात डॅलस येथे त्याने हे गाणे मुद्रित केले. नाव आहे डार्क वॉज द नाइट. त्याला शब्दच नाहीत. नुसते हुंकार आणि कण्हणे, आणि शेजारून गिटार. गिटारीच्या पडद्यांवर बोटे न दाबता तारेवरून एखादी गुळगुळीत वस्तू सरकवत न्यायची, म्हणजे सूर तुटत नाही, एकातून दुसऱ्यात ओघळतो. आपल्याकडे याला मींड म्हणतात. १९४५ साली त्याचे घर जळाले, त्या जळक्या घरातच ओल्या बिछान्यावर तो झोपत राहिला आणि तापाने मेला. त्याच वर्षी केसरबाईंची कीर्ती ऐन भरात होती. त्यांनी याचे नाव ऐकण्याचे कारण नव्हते, याने त्यांचे ऐकण्याचे तर मुळीच नाही. एकीने निवडक लोकांसमोर गायिले, दुसऱ्याने जो रस्त्याने जाईल त्याच्यासमोर. तबकडीवर दोघे लागोपाठ आहेत.

वडिलांना मी हे दोन्ही एका गुरुवारी ऐकवले. त्याआधी तबकडीचे वर्णन केले, तर त्यांचे सगळे लक्ष मुलाम्याकडे. सोने किती मायक्रॉन दिले आहे, तांब्यावर थेट दिले की मध्ये निकेल आहे, असे ते विचारू लागले. तांब्यावर थेट सोने दिले तर कालांतराने तांबे वर येते आणि डाग पडतात, म्हणून मध्ये निकेल लागते, हे मला त्या दिवशी कळले. तबकडीवर अॅल्युमिनियमचे झाकण आहे आणि ती वाजवायची सुईही सोबत ठेवली आहे, हे ऐकल्यावर जॉब नीट केलेला दिसतो असा अभिप्राय त्यांनी दिला. केसरबाई चालू असताना ते काही बोलले नाहीत. विलीची गिटार लागली तेव्हा मात्र उठून बसले. आमच्या गावच्या देवळात एक आंधळे बुवा एकतारीवर भजन म्हणत, त्यांची आठवण त्यांनी काढली. मग म्हणाले, की आधीची बाई पुन्हा लाव. ती त्यांना अवघड वाटली होती, म्हणून पुन्हा हवी होती. प्लेटिंगच्या बाथवर अठरा वर्षे काढलेला माणूस अवघड गोष्टीला घाबरत नाही.

व्हॉयेजर १ ने २०१२ साली सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडली, व्हॉयेजर २ ने २०१८ साली. पहिले यान आता सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटर दूर आहे. तिथे तबकडी वाजत नाही, नुसती जाते आहे. गोव्यात केरी गावी केसरबाईंच्या नावाची माध्यमिक शाळा आहे. त्या गावची मुले तिथे दहावीला बसतात. त्यांच्या नावाने गोव्यात संगीत समारोहही होतो.

हे सगळे वाचून झाल्यावर मी माझ्या आजीच्या बाबतीत एक गोष्ट केली, ती सांगून थांबते. आजी आष्टी तालुक्यात गावीच राहते. लग्नाच्या हळदीला जाते मांडले की ओव्या तिनेच म्हणायच्या असा आमच्या भावकीत शिरस्ता आहे. तिला किती येतात याचा हिशेब नाही. गेल्या वर्षी मी फोन समोर धरला तर ती तत्काळ गप्प झाली. आपला आवाज त्या डब्यात जायला नको, तो नंतर कोण कुठे लावील सांगता येत नाही, असे तिचे म्हणणे. ज्याला पाहिजे त्याने जात्याशी येऊन बसावे. तेव्हा मला ते अडाणीपणाचे वाटले होते. या दिवाळीला गेले तेव्हा फोन पिशवीतच ठेवला आणि जात्याच्या दुसऱ्या बाजूचा खुंटा धरला. पाच दिवसांत सात ओव्या पाठ झाल्या. आठवी अजून बसत नाही, कारण आजी ती प्रत्येक वेळी निराळी म्हणते आणि निराळी म्हटली हे कबूल करत नाही.